२५ मीटर की ५० मीटर? क्लबच्या .२२ पिस्तुलाच्या साईट झिरो करण्याच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

क्लबच्या शस्त्रागारातील .२२ स्टँडर्ड पिस्तूल यंदाच्या हंगामात दोन अंतरांवर वापरायचे ठरले आहे. पहिले अंतर २५ मीटरचे, म्हणजे मुलींचा स्पोर्ट पिस्तूल प्रकार आणि मुलांचा स्टँडर्ड पिस्तूल प्रकार; दुसरे ५० मीटरचे, ज्याला रेंजवर सगळे अजूनही फ्री पिस्तूल म्हणतात. २०१६ च्या रिओ स्पर्धेनंतर ५० मीटर पिस्तूल ऑलिंपिकमधून वगळले गेले, तरी आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये ते टिकून आहे. २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत जितू रायने याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले होते, आणि त्या आठवणीने आमच्याकडची काही मुले अजून ५० मीटरकडे वळतात. मुलींचा ओढा मात्र २५ मीटरकडे आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत या प्रकारात सुवर्ण मिळवल्यापासून रेंजवर नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक तुकडीत तिचे नाव घेणारी एखादी मुलगी असतेच.

खास ५० मीटरसाठी बनवलेले, लांब नळीचे, अतिशय हलक्या ट्रिगरचे आणि हाताला वेढून बसणाऱ्या मुठीचे पिस्तूल क्लबकडे नाही. नियमांप्रमाणे स्टँडर्ड पिस्तूल ५० मीटरला चालते, त्यामुळे हेच पिस्तूल दोन्हीकडे वापरावे लागेल. दोन्ही प्रकारांत फक्त उघड्या साईटना, म्हणजे पिस्तुलावर पुढे आणि मागे बसवलेल्या नेम धरण्याच्या पात्यांना, परवानगी आहे. भिंग, लेझर किंवा रेड डॉट लावता येत नाही. म्हणून या साईट कोणत्या अंतरावर झिरो कराव्यात, म्हणजे कोणत्या अंतरावर गोळी हव्या जागी लागेल अशा लावाव्यात, हा प्रश्न नीट मोजमाप करून सोडवावा, असे सरांनी सुचवले आणि ते काम माझ्याकडे आले.

आज पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग घालून मापे घेतली. फ्रंट साईटपासून रिअर साईटपर्यंतचे अंतर नियमाच्या कमाल मर्यादेइतके, म्हणजे २२० मिलिमीटर आहे. नळीच्या मध्यरेषेपासून साईटच्या वरच्या कडेपर्यंतची उंची १८ मिलिमीटर भरली. पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया ही दोन मापेच आहेत, म्हणून ती व्हर्नियर कॅलिपरने दोघांनी वेगवेगळी घेऊन पडताळली.

८ जानेवारी

क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, आमच्या नेहमीच्या ४० ग्रेन वजनाच्या गोळीच्या काडतुसाचा वेग नळीच्या तोंडाशी सरासरी सेकंदाला २८५ मीटर आला. रायफलमधून हेच काडतूस याहून वेगाने सुटते, कारण पिस्तुलाची नळी आखूड असते. त्यामुळे डब्यावर छापलेला आकडा आपल्या कामाचा नाही.

या वेगावरून आणि हवेच्या विरोधाचा अंदाज धरून गोळी किती खाली येते ते काढले. नळीच्या सरळ रेषेपासून गोळी १० मीटरवर सुमारे ६ मिलिमीटर, २५ मीटरवर सुमारे ३९ मिलिमीटर आणि ५० मीटरवर सुमारे १६० मिलिमीटर खाली येते. अंतर दुप्पट झाले की उतरण चौपट होते, त्यात हवेच्या विरोधाची थोडी भर पडते. साईट नळीच्या १८ मिलिमीटर वर असल्यामुळे नजरेची रेषा आणि गोळीचा मार्ग दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात, एकदा जवळ आणि एकदा लांब. झिरोचे अंतर निवडणे म्हणजे यातला लांबचा छेद कुठे पडावा हे ठरवणे.

जिथे नेम तिथेच गोळी, अशा मांडणीने २५ मीटरला झिरो केल्यास जवळचा छेद साधारण साडेअकरा मीटरवर येतो. त्यापुढे २५ मीटरपर्यंत गोळी नजरेच्या रेषेच्या वर जेमतेम ३ मिलिमीटर जाते, आणि ५० मीटरवर मात्र ६४ मिलिमीटर खाली लागते. उलट ५० मीटरला झिरो केल्यास २५ मीटरवर गोळी ३२ मिलिमीटर वर लागते.

आता टार्गेटकडे पाहावे. २५ मीटरच्या प्रिसिजन भागाचे (सावकाश, अचूक नेमाचा भाग) आणि ५० मीटरचे टार्गेट एकच आहे: दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे, पुढचे प्रत्येक वर्तुळ ५० मिलिमीटरने मोठे, आणि सातपर्यंतचा भाग काळा, म्हणजे २०० मिलिमीटर व्यासाचा काळा गोल. मध्यापासून ६४ मिलिमीटर खाली लागलेली गोळी आठ गुण देते. म्हणजे २५ मीटरचा झिरो तसाच ठेवून ५० मीटरला उभे राहिल्यास नेमबाजाने अगदी निर्दोष मारलेल्या प्रत्येक गोळीचे दोन गुण जातात. ५० मीटरचा झिरो ठेवून २५ मीटरला मारल्यास निर्दोष गोळीला नऊ मिळतात.

दोन्हींच्या मधले अंतर निवडावे, हा विचार कागदावर आकर्षक वाटतो. ४२ मीटरला झिरो केला तर गोळी २५ मीटरवर २० मिलिमीटर वर आणि ५० मीटरवर २३ मिलिमीटर खाली लागते, आणि दोन्ही ठिकाणी ती दहामध्ये मोजली जाते. परंतु दहाच्या वर्तुळाची त्रिज्या २५ मिलिमीटर आहे आणि एका हाताने उभे राहून मारणाऱ्या नेमबाजाचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर लागलेल्या गोळ्यांचा समूह, एका बिंदूइतका लहान नसतो. वर्तुळाच्या कडेवर ग्रुपचा मध्य नेऊन ठेवल्यास त्यातल्या निम्म्याच्या आसपास गोळ्या दहाबाहेर जाणार. शिकारीत किंवा पोलिसी कामात, जिथे अंतर आधी माहीत नसते, तिथे असा तडजोडीचा झिरो योग्य ठरतो. आपल्या खेळात अंतर नियमाने ठरलेले असते आणि साईटला क्लिक, म्हणजे ती ठरावीक टप्प्यांनी सरकवणारे स्क्रूचे खटके, दिलेले असतात. त्यामुळे तडजोड करण्याचे कारण मला दिसत नाही.

१२ जानेवारी

रेंज ऑफिसरांची परवानगी घेऊन आज १० मीटरवर कोरा कागद लावला आणि त्यावर काळ्या पट्टीची एक आडवी रेघ आखली. उद्देश एवढाच होता की साईट ढोबळमानाने जागेवर आहे का आणि क्लिक खरोखर किती सरकवतात, हे कमी काडतुसांत कळावे.

रिअर साईट ज्या दिशेला सरकवावी त्याच दिशेला गोळी सरकते, एवढे सगळ्यांना पाठ असते. गोंधळ होतो तो स्क्रूवरच्या बाणामुळे. काही कंपन्यांच्या बाणाचा अर्थ ‘गोळी या दिशेला न्यायची असेल तर इकडे फिरवा’ असा असतो, तर काहींचा ‘गोळी या दिशेला जात असेल तर इकडे फिरवा’ असा. म्हणून बाणावर विश्वास न ठेवता दहा क्लिक देऊन ग्रुप मारला आणि दिशा कागदावरून नक्की केली. एका क्लिकने गोळी १० मीटरवर ४ मिलिमीटर सरकते. याचा अर्थ २५ मीटरवर १० आणि ५० मीटरवर २० मिलिमीटर. साईटच्या पात्यावर हे सरकणे जेमतेम ०.०९ मिलिमीटर आहे. इतक्या बारीक हालचालीत स्क्रूच्या आट्यांमधली ढिलाईसुद्धा जाणवते, म्हणून यापुढे कोणत्याही आकड्यावर येताना नेहमी खालून वर यायचे, आणि खाली जायचे असल्यास दोन क्लिक जास्त खाली जाऊन परत वर यायचे, असा नियम केला आहे.

उंचीचा स्क्रू हलक्या हाताने पार खाली टेकवून तिथे शून्य धरले. यापुढची प्रत्येक नोंद या तळापासून किती क्लिक वर, अशीच लिहिली जाईल. ‘कालच्यापेक्षा तीन क्लिक वर’ अशा नोंदी सामायिक पिस्तुलाच्या बाबतीत निरुपयोगी असतात, कारण मध्ये कोणी काय फिरवले हे कालच्याला माहीत नसते.

१९ जानेवारी

आजपासून खऱ्या अंतरावर काम सुरू झाले, आणि प्रश्नाचे स्वरूपच बदलले.

आतापर्यंतचा हिशेब ‘जिथे नेम तिथे गोळी’ असा होता. पण काळ्या गोलाच्या मध्यावर काळ्या साईट धरल्या की फ्रंट साईटची वरची कड त्या काळ्यात हरवते, आणि ती कड रिअर साईटच्या कडेशी समतल आहे की नाही हेच दिसेनासे होते. साईट जुळण्यातली चूक ही पिस्तुलाच्या नेमबाजीतली सर्वांत महाग चूक आहे: २२० मिलिमीटरच्या अंतरात फ्रंट साईट ०.१ मिलिमीटरने वरखाली झाली तर गोळी २५ मीटरवर ११ मिलिमीटर आणि ५० मीटरवर २३ मिलिमीटर हलते. हात संपूर्ण पिस्तुलासह तेवढाच ०.१ मिलिमीटर वर गेला, तर गोळीही ०.१ मिलिमीटरच वर जाते. म्हणून नजर फ्रंट साईटवर स्पष्ट राहिली पाहिजे आणि टार्गेट धूसर दिसले तरी चालते, हे आम्ही मुलांना पहिल्या दिवसापासून सांगतो. फ्रंट साईट स्पष्ट दिसण्यासाठी तिच्या मागे पांढरे हवे. त्यामुळे प्रिसिजनमध्ये बहुतेक सर्व नेमबाज काळ्या गोलाच्या खाली नेम धरतात, म्हणजेच सिक्स ओ’क्लॉक होल्ड, किंवा त्याहून थोडे खाली, काळा गोल आणि फ्रंट साईट यांच्यामध्ये पांढरी पट्टी सोडून.

याचा झिरोवर होणारा परिणाम फार मोठा आहे. काळ्याच्या खालच्या कडेला नेम धरल्यास गोळी नेमाच्या १०० मिलिमीटर वर लागली पाहिजे, आणि एका वर्तुळाच्या रुंदीइतकी, म्हणजे २५ मिलिमीटर पट्टी सोडल्यास १२५ मिलिमीटर वर. गुरुत्वाकर्षणाने होणारी २५ मीटरवरची सगळी उतरण ३९ मिलिमीटर आहे, तर होल्ड, म्हणजे नेम धरण्याची जागा, बदलल्याने होणारा फरक तिच्या तिप्पट. झिरो किती मीटरवर असावा यावर रेंजवर तासन्‌तास बोलले जाते, पण कोणत्या होल्डसाठी, हा प्रश्न त्या बोलण्यात क्वचितच येतो. माझ्या मते होल्ड न सांगता सांगितलेला झिरोचा आकडा अपुरा आहे.

आज दोन्ही होल्ड २५ मीटरवर करून पाहिले. काळ्याला अगदी टेकून नेम धरला की नजर वारंवार त्या कडेकडे धावते, कारण साईट कडेला टेकली आहे की आत शिरली आहे याची खात्री करण्याचा मोह होतो, आणि तेवढ्यात फ्रंट साईट धूसर होते. थोडी पट्टी सोडल्यावर तो मोह कमी झाला आणि उभ्या दिशेतला ग्रुपचा पसारा लक्षणीय घटला. प्रिसिजनसाठी २५ मिलिमीटरची पट्टी सोडून साईट लावली. तळापासून ३१ क्लिक.

साईट हलवताना नेहमी ग्रुपचा मध्य पाहिला आणि एकट्या गोळीवर निर्णय घेतला नाही. ट्रिगर दाबताना जी गोळी बिघडल्याचे नेमबाजाने टार्गेट पाहण्याआधीच सांगितले, ती मध्य काढताना सोडून दिली. टार्गेट पाहिल्यानंतर सांगितलेली मात्र धरली.

२५ जानेवारी

५० मीटर. क्लबमधला एक कनिष्ठ नेमबाज मदतीला होता. मी स्क्रूला हात लावायच्या आधीच तो म्हणाला, “दादा, लांबच्या अंतराला साईट वर घ्यायची ना? गोळी तर खाली येणार.” त्याचा तर्क सर्वसाधारणपणे बरोबर आहे आणि मध्यावर नेम धरला असता तर ५० मीटरला तीन क्लिक वर जावेच लागले असते. मी त्याला साईट न हलवता पाच गोळ्या मारायला सांगितले. ग्रुप दहाच्या वर, नऊच्या वर्तुळात लागला.

कारण असे. दोन्ही अंतरांवर टार्गेट तेच असल्यामुळे ५० मीटरवर काळा गोल डोळ्याला निम्मा दिसतो. २५ मीटरवर काळ्याची खालची कड मध्यापासून १०० मिलिमीटर खाली असते, म्हणजे अंतराच्या हजाराला चार या कोनात. ५० मीटरवर तेच १०० मिलिमीटर हजाराला दोन या कोनात येतात. पांढरी पट्टी मात्र नेमबाज टार्गेटवरच्या मिलिमीटरमध्ये मोजत नाही, तो ती फ्रंट साईटच्या वर दिसणाऱ्या फटीसारखी डोळ्याने सवयीने राखतो. त्यामुळे तिचा कोन दोन्हीकडे सारखाच, हजाराला एक, राहतो. एकूण २५ मीटरवर गोळी नेमापासून हजाराला पाच इतकी वर न्यायची असते आणि ५० मीटरवर फक्त हजाराला तीन. होल्डमुळे साईट हजाराला दोन इतकी खाली यायला हवी. गुरुत्वाकर्षणामुळे ती सुमारे १.३ इतकी वर जायला हवी. बेरीज केली की हजाराला ०.७ खाली, आणि आमचा एक क्लिक हजाराला ०.४ आहे. म्हणजे दोन क्लिक खाली.

दोन क्लिक खाली घेतल्यावर ग्रुप दहाभोवती बसला. त्या मुलाने दोन्ही टार्गेट शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली आणि मग स्वतःच्या वहीत आकृती काढली. मला या प्रकल्पातला हा सर्वांत समाधानाचा क्षण वाटला, कारण तोंडपाठ नियमापेक्षा कागदावरचे छिद्र त्याला अधिक पटले.

हे उत्तर याच टार्गेटपुरते आणि याच होल्डपुरते आहे, हे लिहून ठेवणे आवश्यक आहे. कोणी पट्टी डोळ्याच्या सवयीने न राखता ५० मीटरलाही टार्गेटवरच्या सहाच्या वर्तुळाच्या कडेशीच नेम धरत असेल, तर त्याला तीन क्लिक खाली जावे लागेल.

१ फेब्रुवारी

पट्टी आणखी मोठी सोडावी का, असा प्रश्न प्रिसिजन मारणाऱ्या एका ताईंनी विचारला. त्या आधी जवळजवळ ५० मिलिमीटर सोडत असत. पट्टी मोठी केल्याने नजर फ्रंट साईटवर आणखी स्थिर राहते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. त्याची किंमत मात्र मनगट तिरके झाल्यावर कळते.

साईट जितकी वर चढवलेली असेल, तितका पिस्तूल एका बाजूला कलण्याचा परिणाम वाढतो, कारण वर नेण्यासाठी दिलेला कोन कलल्यावर आडव्या दिशेत सांडतो. २५ मीटरवर पिस्तूल पाच अंश कलले तर मध्यावर नेम धरणाऱ्याची गोळी साधारण साडेतीन मिलिमीटर बाजूला जाते, काळ्याला टेकून धरणाऱ्याची १२, २५ मिलिमीटर पट्टी सोडणाऱ्याची १४ आणि ५० मिलिमीटर सोडणाऱ्याची १६ मिलिमीटरहून थोडी जास्त. दहाची त्रिज्या २५ असताना यातला प्रत्येक आकडा जड आहे. थकव्याने मनगट शेवटच्या सिरीजमध्ये कलू लागते, हे सगळ्यांच्या अनुभवाचे आहे. सहाच्या वर्तुळाच्या कडेपर्यंतची पट्टी पुरेशी आहे आणि त्यापलीकडे जाऊ नये, असे माझे मत झाले. सरांनीही ते मान्य केले.

८ फेब्रुवारी

आज रॅपिडचा प्रश्न हाती घेतला. स्पोर्ट पिस्तूलमध्ये ३० गोळ्या प्रिसिजनच्या आणि ३० रॅपिडच्या असतात. रॅपिडमध्ये प्रत्येक गोळीला ३ सेकंद मिळतात आणि मध्ये ७ सेकंद थांबायचे असते. हात ४५ अंशांच्या तयारीच्या स्थितीतून वर आणायचा असतो. अंतर तेच २५ मीटर, पण टार्गेट वेगळे: दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे आणि पूर्ण ५०० मिलिमीटरचा भाग काळा. काळ्याच्या खालच्या कडेचा आधार इथे नाही, कारण ती कड मध्यापासून २५० मिलिमीटर खाली आहे. म्हणजे अंतर न बदलताही झिरो बदलतो.

दोन मार्ग आहेत. पहिला असा की साईट प्रिसिजनच्याच ठेवाव्यात आणि नेम मध्याच्या १२५ मिलिमीटर खाली, आठच्या वर्तुळाच्या खालच्या कडेजवळ धरावा. त्याने हाताला थोडे कमी वर यावे लागते आणि स्क्रू फिरवण्याचा धोका टळतो. अडचण ही की त्या जागी काळ्यात डोळ्याला धरायला काहीच नसते, आणि तीन सेकंदांत हाताने दरवेळी त्याच उंचीवर थांबावे एवढीच अपेक्षा उरते. दुसरा मार्ग म्हणजे साईट खाली घेऊन मध्यावर नेम धरणे. रॅपिडच्या टार्गेटवर डाव्या आणि उजव्या बाजूला मध्याच्या उंचीवर पांढऱ्या आडव्या रेघा असतात, प्रत्येकी १२५ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड. नजर फ्रंट साईटवर ठेवूनही त्या रेघा कडेने जाणवतात आणि उंचीचा अंदाज देतात. फ्रंट साईटची कड काळ्यावर ठळक दिसत नाही हे खरे, पण दहाचे वर्तुळ इथे दुप्पट मोठे असल्यामुळे तेवढी सूट परवडते.

मुलींनी दोन्ही करून पाहिले. ज्या अजून नव्या आहेत त्यांचे ग्रुप पहिल्या मार्गात उभे लांबट आले, दुसऱ्यात गोल. आकडा काढला तर १२५ मिलिमीटर म्हणजे साडेबारा क्लिक होतात. आम्ही १२ क्लिक खाली घेतले, कारण अर्ध्या क्लिकने येणारी ५ मिलिमीटरची उंची १०० मिलिमीटरच्या दहात सहज सामावते. प्रिसिजन ३१, रॅपिड १९.

स्पर्धेत प्रिसिजन संपून रॅपिड सुरू होण्याआधी साईटिंगची पाच गोळ्यांची सिरीज मिळते, पण क्लिक बदलण्याची आठवण त्या सिरीजने करून देण्याची वाट पाहू नये. पिस्तूल पेटीत ठेवतानाच आकडा बदलायचा आणि कार्डावर खूण करायची, असे ठरले.

१५ फेब्रुवारी

हे पिस्तूल एकाचे नाही. आज वेगवेगळ्या नेमबाजांनी एकाच आकड्यावर, ३१ वर, प्रिसिजनचे ग्रुप मारले आणि त्यांचे मध्य एका कागदावर मांडले. उंचीत सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा मध्य यांत तीन क्लिकहून जास्त फरक निघाला, आणि आडव्या दिशेतही फरक होता. पट्टी किती दिसते हे प्रत्येकाच्या नजरेवर आणि चष्म्यावर अवलंबून असते. शिवाय गोळी नळीबाहेर पडण्याआधीच पिस्तूल मागे आणि वर जायला लागलेले असते, त्यामुळे मुठीची पकड आणि मनगटाचा ताठपणा यांचा ठसा गोळीवर उमटतो. याच कारणाने वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून काढलेला झिरो उभ्याने मारताना जुळत नाही. सुरुवातीला कोणीतरी बेंच रेस्टवरून झिरो करावे असे सुचवले होते. पिस्तूल आणि काडतूस यांची जोडी तपासायला ती पद्धत उत्तम आहे, साईटचा अंतिम आकडा ठरवायला नाही.

म्हणून क्लबचा झिरो असे काही ठेवायचे नाही, क्लबचा संदर्भबिंदू ठेवायचा: तळ, आणि तळापासून ३१. प्रत्येक नेमबाजाचे स्वतःचे कार्ड असेल आणि त्यावर चार रकाने असतील: प्रिसिजन, रॅपिड, ५० मीटर आणि आडवी दिशा. पिस्तूल परत करताना ते ३१ वर आणूनच शस्त्रागारात द्यायचे.

२२ फेब्रुवारी

काडतुसांची नवी पेटी आली. नव्या लॉटचा वेग जुन्यापेक्षा सेकंदाला सुमारे १० मीटरने कमी निघाला. २५ मीटरवर याचा परिणाम ३ मिलिमीटरच्या आत राहतो आणि त्यासाठी स्क्रूला हात लावण्याचे कारण नाही. ५० मीटरवर मात्र गोळी सुमारे ११ मिलिमीटर खाली येते, अर्ध्या क्लिकहून जास्त. ५० मीटर मारणाऱ्यांसाठी एकाच लॉटची काडतुसे वेगळी काढून ठेवावीत, अशी विनंती शस्त्रागाराच्या वहीत केली आहे.

उन्हाचा त्रासही आता वाढू लागला आहे. दुपारी फ्रंट साईटच्या कडेवर चकाकी येते आणि कड नेमकी कुठे संपते ते कळत नाही. साईटला काजळी धरण्याची जुनी पद्धत वापरली, चकाकी गेली.

१ मार्च

निर्णय लेखी दिला. पिस्तुलाचा मूळ झिरो २५ मीटरचा, प्रिसिजनच्या टार्गेटवर, काळ्याखाली एका वर्तुळाची पट्टी सोडून. रॅपिडला त्यातून १२ क्लिक खाली, मध्यावर नेम. ५० मीटरला त्यातून २ क्लिक खाली, पट्टी डोळ्याच्या सवयीने तेवढीच. २५ मीटर हा मूळ आकडा घेण्यामागे दोन कारणे आहेत: पिस्तुलाचा बहुतांश वापर तिथे होतो, आणि काडतुसाच्या वेगातला फरक, वारा, प्रकाश या सगळ्यांचा गोंधळ त्या अंतरावर इतका कमी असतो की ग्रुप सरकला तर तो साईटमुळे की नेमबाजामुळे सरकला, हे ओळखता येते. ५० मीटरवर मूळ झिरो ठेवला असता तर प्रत्येक तपासणीत या बाहेरच्या कारणांना आधी वगळत बसावे लागले असते.

कार्डांचा पहिला संच पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणात लावला आहे. स्टँडर्ड पिस्तूलच्या १५०, २० आणि १० सेकंदांच्या सिरीज याच प्रिसिजन टार्गेटवर असल्यामुळे मुलांनी तिथेही ३१ च वापरायचे आहे, पण १० सेकंदांत पाच गोळ्या मारताना पट्टी आक्रसते असे दोघांच्या टार्गेटवरून दिसते आहे. ते पुढच्या आठवड्यापासून तपासायचे आहे, आणि त्यासाठी कार्डावर पाचवा रकाना आखून ठेवला आहे.